टॉवेल कारखान्यातल्या पेटीसाठी रिस्क-फाइव्हचा कर्नल

तयार कर्नल (लिनक्सचा मूळ भाग, जो हार्डवेअर चालवतो) चालतो, हे आधीच सांगून टाकतो. कार्डावर इमेज टाकली, वीज दिली की लिनक्स वर येतो आणि बहुतेकांचं काम तिथंच भागतं. आमचं भागण्यासारखं नव्हतं. आमची पेटी, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा संगणक, टेबलावर राहणार नव्हती, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मागांच्या रांगेशेजारी भिंतीवर बसणार होती. कोणता माग किती वेळा थांबला, किती वेळ उभा राहिला आणि त्या पाळीत मीटर किती पळालं, एवढं नोंदवणं हे तिचं काम.

सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. दुपारी पारा ४३ च्या आसपास, संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं की वीज जाते, येते, परत जाते. वीज आली की जॉबर मास्तर कुणाची वाट बघत नाहीत, एकेक माग चालू करत सुटतात. पेटी त्याआधी जागी पाहिजे. नाहीतर पाळीतला नेमका तोच तुकडा नोंदीतून गळतो, आणि कारखानदाराला तोच हवा असतो, कारण वीज आल्यावर कोणता माग किती उशिरा धरला हे त्यातच कळतं. शिवाय हवेत सतत रुईचे बारीक तंतू. पंखा बसवला तर तो तंतू ओढून घेतो आणि काही महिन्यांत जाम होतो, म्हणून पेटी बिनपंख्याची. थोडक्यात, कर्नल लवकर उठणारा हवा, बोर्ड विनाकारण न तापवणारा हवा, आणि त्यात काय आहे व का आहे हे आम्हाला माहीत असलेला हवा.

ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे त्यात काय घालायचं ते ठरवणाऱ्या यादीत, दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत. ते वरून खाली वाचत, ओळखीचं ठेवत आणि अनोळखी काढत गेलं तर हाती काही लागत नाही. बोर्डावर काय काय आहे, कोण कुणावर अवलंबून आहे, हे आधी समजून घ्यायचं. हे पर्याय निवडायचा मेनू त्यानंतर उघडायचा.

बोर्ड घेतला व्हिजनफाइव्ह २. त्यावर स्टारफाइव्ह कंपनीची जेएच७११० चिप आहे, तिच्यात सायफाइव्हच्या यू७४ जातीचे चार गाभे (कोअर), १.५ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारे. आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा संच, ६४ बिट रिस्क-फाइव्ह. मोबाइलमध्ये असतो तसल्या एआरएमचा बोर्ड घेतला असता तर तयार उत्तरं ढिगानं मिळाली असती. पण रिस्क-फाइव्हबद्दल मला मनापासून ओढ आहे. २०१० साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेला हा सूचनासंच खुला आहे, तो वापरून चिप बनवायला सूचनासंचाचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर त्याच्यावर उभा आहे, सी-डॅकचा वेगाही त्याच्यावरच. सी-डॅकनं १९९१ साली पुण्यात परम ८००० उभा केला, तेव्हा त्यातले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. आज त्याच संस्थेचा स्वतःचा प्रोसेसर आहे, आणि त्याचा सूचनासंच सोलापुरात बसून कुणालाही पानन् पान वाचता येतो. माझा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या बोर्डावर बसलेला हात उद्या देशात बनलेल्या चिपवरही चालेल, हे त्याला पटवायला मला फार बोलावं लागलं नाही. बांधणीचं सगळं काम आम्ही दोघांनी मिळून केलं.

कर्नलला हात लावण्याआधी सीरियल वायर, बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी. बोर्डाच्या ४० पिनांच्या हेडरवर पिन ६ ला ग्राउंड, ८ ला बोर्डाकडून येणारी वायर, १० ला बोर्डाकडे जाणारी. वेग ११५२००. यूएसबी-टीटीएलचा तुकडा बाजारात सहज मिळतो, पण तो ३.३ व्होल्टचाच पाहिजे, ५ व्होल्टचा लावला तर पिन जळू शकते. पडद्यावर काही दिसत नसताना कर्नल कुठं अडला हे फक्त या तीन तारा सांगतात. एचडीएमआय जोडून कर्नल बांधायला बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. डिस्प्लेचा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारा कोड) वर येईपर्यंत निम्मी गोष्ट घडून गेलेली असते.

वायर जोडून तयार इमेजचं बूट (सुरू होणं) एकदा शांतपणे वाचलं. आधी चिपच्या आतला रॉम, मग कर्नल चढवणाऱ्या यू-बूटचा छोटा पहिला टप्पा, मग ओपनएसबीआय, मग पूर्ण यू-बूट, आणि शेवटी कर्नल. यातला ओपनएसबीआय हा रिस्क-फाइव्हचा खास भाग. या आर्किटेक्चरमध्ये अधिकाराचे तीन स्तर आहेत: सगळ्यात वर मशीन, मध्ये सुपरवायझर, खाली युजर. लिनक्स मधल्या स्तरावर चालतो, मशीन स्तरावर ओपनएसबीआय बसलेला असतो. काही कामं, उदाहरणार्थ दुसरा गाभा जागा करणं, कर्नल स्वतः करत नाही, ओपनएसबीआयकडे मागणी करतो. याचा एक मोठा फायदा आहे. कर्नलचा स्वतःचा सीरियल ड्रायव्हर उठण्याआधीही तो ओपनएसबीआयमार्फत अक्षरं छापू शकतो. त्यासाठी कॉन्फिगरेशनमध्ये एसबीआयचा अर्लीकॉन (अगदी सुरुवातीचा कन्सोल) चालू करायचा आणि बूटच्या आज्ञेत ‘अर्लीकॉन=एसबीआय’ लिहायचं. आम्ही सगळ्यात पहिला पर्याय हाच चालू केला. तो नसेल तर सुरुवातीच्या टप्प्यावर अडलेला कर्नल आणि मेलेला बोर्ड यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही.

कर्नल निवडला ६.१२. हा नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्त्यांपैकी आहे. या चिपचं बरंचसं काम तोपर्यंत मुख्य कर्नलमध्ये आलेलं होतं, त्यामुळे उत्पादकाच्या वेगळ्या झाडावर (कोडच्या प्रतीवर) अवलंबून राहायची गरज उरली नाही. बांधणी लॅपटॉपवर, क्रॉस कंपायलरनं, म्हणजे एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी कोड बनवणाऱ्या कंपायलरनं. बोर्डावरही बांधता येतो, पण वेळ किती जातो ते बघता लॅपटॉपच बरा. बांधणीची मेक ही आज्ञा चालवताना दोन गोष्टी दर वेळी सांगायच्या: आर्किटेक्चर रिस्कव्ही आणि क्रॉस कंपायलरचा उपसर्ग. यातलं आर्किटेक्चर सांगायचं राहिलं तर मेक लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरसाठीचा मेनू मुकाट्यानं उघडून देतो. मेनूच्या अगदी वर आर्किटेक्चर लिहिलेलं असतं. भाच्याला मी ती ओळ आधी वाचायची सवय लावली.

सुरुवात रिस्क-फाइव्हच्या डेफकॉन्फिगपासून. तो लिनक्समध्ये मान्य झालेल्या बहुतेक रिस्क-फाइव्ह चिपांना पुरेल असा सर्वसमावेशक साचा आहे. मेनूत चिपांच्या कंपन्यांची यादी येते: सायफाइव्ह, मायक्रोचिप, ऑलविनर, टी-हेड, सोफगो आणि इतर. स्टारफाइव्ह ठेवला, बाकीचे काढले. एकेक कंपनी काढली की तिच्या क्लॉकचे (ठोके देणाऱ्या भागाचे), पिनांचे, नेटवर्कचे ड्रायव्हर मेनूतून आपोआप गळतात, त्यामुळे पुढचं वाचन बरंच हलकं होतं. इथं एक बारीक जागा आहे. स्टारफाइव्हची आधीची चिप जेएच७१००, आपली जेएच७११०. नावात एका आकड्याचा फरक, पण क्लॉक आणि पिनांची रचना वेगळी. जुन्या चिपमध्ये डीएमए (प्रोसेसरला वगळून मेमरीत होणारी ने-आण) आणि कॅश (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) यांचा मेळ हार्डवेअर घालत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी तोडगा-सोय आहे. आपल्याला ती लागत नाही. ७१०० नावाचं सगळं बंद.

मग आर्किटेक्चरचा खरा मेनू, आणि रिस्क-फाइव्ह इथं बाकीच्यांहून वेगळं आहे. याचा सूचनासंच एकसंध नाही, तुकड्यांनी बनलेला आहे. पूर्णांकांचा मूळ संच आय, गुणाकार-भागाकाराचा एम, मध्येच न तुटणाऱ्या अणुरूप क्रियांचा ए, दशांशांचे एफ आणि डी. हे मिळून जी म्हणतात. त्यावर सूचना आखूड करणारा सी. आपले यू७४ गाभे आरव्ही६४जीसी या जातीचे, शिवाय बिटांच्या कामाचे झेडबीए आणि झेडबीबी हे तुकडेही त्यांत आहेत. एका सूचनेत अनेक आकडे हाताळणाऱ्या व्हेक्टरचा व्ही नाही.

मेनूत या तुकड्यांचे पर्याय एकाखाली एक दिसतात, पण त्यांचा अर्थ एकसारखा नाही. सी चालू केला की कंपायलर संपूर्ण कर्नल आखूड सूचनांत लिहितो. गाभ्याला सी कळत नसेल तर असा कर्नल पहिल्या पावलालाच पडेल. झेडबीबीचं तसं नाही. तो चालू केला तर कर्नलमध्ये काही कामांची दोन रूपं राहतात, एक साधं आणि एक झेडबीबी वापरणारं. बूट होताना गाभ्याकडे काय आहे ते बघून कर्नल स्वतःच्या स्मृतीतल्या त्या जागा दुरुस्त करून घेतो. या सोयीला आल्टर्नेटिव्हज म्हणतात. व्हेक्टरही चालताना ओळखला जातो, त्यामुळे तो चालू राहिला तरी यू७४ वर काही बिघडत नाही, नुसता बोजा. आम्ही झेडबीबी ठेवला, व्हेक्टर काढला. सायफाइव्हच्या दोषदुरुस्तीचा पर्यायही मेनूत आहे. त्यातल्या दुरुस्त्याही अशाच: गाभ्याचा ओळखक्रमांक बघून, ज्या जुन्या गाभ्यांत दोष आहे तिथंच लागू होतात. कोणता पर्याय कर्नलच्या हाडामासात जातो आणि कोणता बूटच्या वेळी ठरतो, हे दर पर्यायाच्या मदत-मजकुरात लिहिलेलं असतं. भाच्यानं ते सगळे मजकूर वाचले. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण आर्किटेक्चर शिकायचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

सीपीयूंची कमाल संख्या ४ केली. चिपमध्ये पाचवा गाभाही आहे, एस७ नावाचा. त्याला एमएमयू (मेमरीचे पत्ते सांभाळणारा भाग) नाही, त्यामुळे लिनक्स त्याच्यावर चालू शकत नाही आणि डिव्हाइस ट्रीमध्ये तो बंद म्हणून नोंदवलेला आहे. त्याचा क्रमांक ० असल्यामुळे आपल्या चार गाभ्यांचे हार्ट (रिस्क-फाइव्हमधलं गाभ्याचं नाव) क्रमांक १ ते ४ दिसतात. कर्नल स्वतःची मोजणी मात्र ० पासूनच करतो.

आता मूळ मुद्दा, डिव्हाइस ट्री. एआरएमप्रमाणे इथंही बोर्डावर काय आहे हे कर्नलला एका वेगळ्या फाइलमधून कळतं. कोणता कंट्रोलर कोणत्या पत्त्यावर आहे, त्याला क्लॉक कोण देतो, रीसेट कोण सोडतो, वीज कुठून येते, पिना कोणत्या, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आमच्या बोर्डाची आवृत्ती १.३बी, तिची फाइल वेगळी आणि १.२ए ची वेगळी. कॉन्फिगरेशन ठरवायचं ते या फाइलवरून. कर्नलच्या स्क्रिप्टांमध्ये ‘डीटी टू कॉन्फिग’ नावाची एक पर्लची स्क्रिप्ट आहे. तिला डिव्हाइस ट्री दिली की ती दर नोंदीला कोणता ड्रायव्हर लागतो आणि त्याचा पर्याय कोणता, हे काढून देते. तिची यादी छापून आम्ही भिंतीवर चिकटवली आणि तिच्यावर पेन्सिलीनं बाण काढत गेलो.

बाण का लागतात ते ईएमएमसी या साठवणीच्या चिपवरून सांगतो. पेटीचा रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम, ईएमएमसीवर राहणार होता. वितरणाबरोबर आलेल्या कर्नलमध्ये बरेच ड्रायव्हर मोड्यूल (मागून चढवायच्या वेगळ्या फाइली) म्हणून असतात आणि बूटच्या वेळी इनिटरॅमएफएस नावाची तात्पुरती फाइल सिस्टिम ते पुरवते. आम्हाला तो टप्पाच नको होता, कारण तो वेळ खातो आणि एक जास्तीची फाइल सांभाळावी लागते. म्हणून इनिटरॅमएफएसशिवाय काय अडतं हे बघायला वितरणाचं कॉन्फिगरेशन घेतलं, त्यातला फक्त ईएमएमसीचा ड्रायव्हर बिल्ट-इन (कर्नलच्याच आत) केला आणि बूट केलं. सीरियलवर ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ येऊन कर्नल थांबला. थोड्या वेळानं पुढची ओळ आली: १६०१०००० या पत्त्यावरचा एमएमसी, ‘डिफर्ड प्रोब पेंडिंग’. म्हणजे ड्रायव्हर हजर आहे, पण तो कुणाची तरी वाट बघतोय.

कुणाची, ते डिव्हाइस ट्री सांगते. ईएमएमसीच्या नोंदीत लिहिलंय की तिच्या सिग्नलच्या तारांना वीज पुरवणारा रेग्युलेटर एएक्सपी१५०६० या वीज सांभाळणाऱ्या चिपमधला आहे. ती चिप आय-टू-सी या चिपा जोडणाऱ्या तारेवर बसते. म्हणजे आधी डिझाइनवेअरचा आय-टू-सी कंट्रोलर उठला पाहिजे, मग एएक्सपीचा मूळ ड्रायव्हर, मग त्याचा रेग्युलेटर ड्रायव्हर, आणि मग ईएमएमसी. यातला एक जरी मोड्यूल असेल तर ते मोड्यूल पडलंय त्याच ईएमएमसीवर, जी त्याच्याशिवाय उघडत नाही. एकाच्या नावात एमएमसी आहे, दुसऱ्याच्या नावात आय-टू-सी, तिसऱ्याच्या नावात एएक्सपी२०एक्स. मेनूत हे तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत आहेत आणि एकमेकांचा उल्लेखही करत नाहीत. मेनूतलं अवलंबित्व वेगळं आणि बोर्डावरचं वेगळं. मेनू सांगतो अमुक कोड बांधायला तमुक कोड लागतो. वीज कुणाकडून येते हे त्याला माहीतच नाही.

कारखान्यात हे चाललेलं बघून मास्तरांनी विचारलं, “मग थांबलंय कशानं?” मी साखळी सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे एका धाग्याचा ड्रॉपर पडला की अख्खा माग उभा. तसंच की हे.” अगदी तसंच; ड्रॉपर ही धागा तुटला की पडून माग थांबवणारी पट्टी. आणि तुटलेला धागा ज्या मागावर दिसतो तिथंच जोडायचा असतो. आम्ही आय-टू-सी, एएक्सपी आणि रेग्युलेटर असे तिन्ही बिल्ट-इन केले, ईएमएमसी लगेच उघडली.

एएक्सपी चिपचा दुसरा उपयोग पुढं कळला. गाभ्यांचा व्होल्टेजही तिच्याकडूनच येतो. त्यामुळे वेग कमी-जास्त करणारा सीपीयूफ्रीक्वेन्सीचा भाग तिच्याशिवाय नीट चालत नाही. ३७५, ५००, ७५० आणि १५०० मेगाहर्ट्झ अशा चार पायऱ्या आहेत. आमच्या कामाला बहुतेक वेळ खालच्या पायऱ्या पुरतात आणि मेच्या दुपारी बिनपंख्याच्या पेटीला त्याचा खरा आधार होतो. चिपच्या तापमानाचा सेन्सरही चालू केला, त्याचा आकडा दर नोंदीबरोबर साठवतो.

नेटवर्कला दोन पोर्ट आहेत आणि दोन्ही एकाच ड्रायव्हरवर चालतात. तरी दुसऱ्या क्रमांकाचा उठला, पहिल्या क्रमांकाचा नाही. “मामा, एकाच ड्रायव्हरचे दोन पोर्ट, मग एकच कसा?” भाच्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर परत डिव्हाइस ट्रीतच. या चिपमध्ये क्लॉक देणारे वेगवेगळे विभाग आहेत: मुख्य सिस्टिमचा, कायम चालू राहणाऱ्या भागाचा, वेगवान जोडण्यांचा, कॅमेऱ्याचा, डिस्प्लेचा. मुख्य विभागाचा क्लॉक ड्रायव्हर स्टारफाइव्ह निवडल्यावर बिल्ट-इन येतो, बाकीचे मोड्यूल म्हणून. दुसऱ्या पोर्टाला क्लॉक मुख्य विभागातून मिळतो, पहिल्याला कायम चालू राहणाऱ्या विभागातून. तो विभाग बिल्ट-इन केला, पोर्ट आला. त्याबरोबर मोटरकॉमच्या फायचा (नेटवर्कच्या तारेशी बोलणाऱ्या चिपचा) ड्रायव्हरही लागतो, नाहीतर लिंक कधी मिळते, कधी नाही.

सगळ्यात लांब साखळी यूएसबीची निघाली. मागांच्या थांब्याचे सिग्नल आणि मीटरचे आकडे मॉडबस या यंत्रांच्या संवादपद्धतीनं येतात, आरएस-४८५ च्या दोन तारांवरून. या तारा १२०० मीटरपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे अख्ख्या शेडला एक जोडी पुरते. पेटीत त्या यूएसबी-आरएस-४८५ कन्व्हर्टरनं शिरतात. कन्व्हर्टरमध्ये सीएच३४० चिप, तिचा ड्रायव्हर सीएच३४१ नावानं आहे. कर्नलमध्ये ड्रायव्हरला बहुधा घराण्यातल्या आधी आलेल्या चिपचं नाव पडतं, म्हणून आपल्या चिपचा आकडा मेनूत शोधून मिळाला नाही तरी ड्रायव्हर नाही असं समजू नये. मेनूत तिरकी रेघ दाबून घराण्याच्या नावानं शोधावं, नाहीतर सरळ कोडमध्ये बघावं.

पण या बोर्डावर तेवढ्यानं यूएसबी उठत नाही. वरचे यूएसबी पोर्ट चिपमधून थेट निघालेले नाहीत. ते व्हीआयएच्या व्हीएल८०५ कंट्रोलरवर आहेत आणि तो पीसीआयई या वेगवान जोडणीवर बसलाय. म्हणजे खालून वर चढायचं तर: वेगवान जोडण्यांच्या विभागाचा क्लॉक ड्रायव्हर, पीसीआयईचा फाय, स्टारफाइव्हचा पीसीआयई होस्ट, पीसीआयवरचा एक्सएचसीआय (यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर), यूएसबी सीरियलचा पाया आणि शेवटी सीएच३४१. सहाही पायऱ्या लागतात, एकही गाळता येत नाही. यातला पीसीआयई होस्टचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये २०२४ मध्येच आला. त्याआधीचा कर्नल घेणाऱ्याला कन्व्हर्टर जोडून नुसतं बघत बसावं लागलं असतं. या सहा पायऱ्या आम्ही बिल्ट-इनच ठेवल्या. मोड्यूल चालले असते, पण पेटीचं मुख्य काम ज्या रस्त्यानं येतं तो रस्ता फाइल सिस्टिमवर विसंबून असू नये असं माझं मत आहे.

घड्याळाचा प्रश्न वीज जाण्याशी जोडलेला. बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही आणि नेटवर्कचा राउटर वीज आल्यावर पेटीपेक्षा उशिरा उठतो. वेळ चुकीची असेल तर थांब्याच्या नोंदी कवडीमोल. म्हणून हेडरच्या ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर डीएस३२३१ चं छोटं घड्याळ जोडलं, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं. ड्रायव्हर अर्थातच जुन्या भावंडाच्या, डीएस१३०७ च्या नावानं. तो बिल्ट-इन केला, बूटच्या वेळी सिस्टिमची वेळ या घड्याळावरून लावायचा पर्याय चालू केला आणि डिव्हाइस ट्रीमध्ये त्याची नोंद घातली. आय-टू-सी आधीच बिल्ट-इन असल्यामुळे आणखी काही लागलं नाही. स्टारफाइव्हचा वॉचडॉगही घेतला, सिस्टिम गोठली तर तिला परत सुरू करणारा. कारखान्यात रात्रपाळीला पेटी गोठली तर बटण दाबायला कोण येणार?

काढाकाढी शेवटी, आणि ती सोपी गेली. भिंतीवरच्या यादीत ज्याच्याकडे एकही बाण जात नाही ते काढलं. डिस्प्ले, आवाज, कॅमेरा, व्हर्च्युअल मशीन, इतर कंपन्यांची नेटवर्क कार्डं, अनोळखी फाइल सिस्टिमी. नेटवर्कवरून फाइली वाचणारं एनएफएस मात्र ठेवलं, चाचणीच्या वेळी रूट लॅपटॉपवर ठेवता येतो. डीबगचे जड पर्याय काढले, पण कर्नलचं कॉन्फिगरेशन कर्नलच्याच आत साठवायचा पर्याय ठेवला. उद्या पेटीपुढं उभं राहून या कर्नलमध्ये काय आहे असा प्रश्न पडला तर उत्तर तिथंच मिळतं. रूट विभाग फक्त वाचनासाठी बसवला, नोंदींसाठी वेगळा छोटा विभाग. वीज कधीही गेली तरी सिस्टिमच्या फाइलींवर काही लिहिलं जात नसतं.

मग पेटी कारखान्यात नेली. मालकांनी स्वतः तिचा एमसीबी खाली ओढला, वर केला. लॅपटॉपवर सीरियलच्या ओळी धावल्या आणि मास्तर पहिल्या मागापर्यंत पोचायच्या आत मीटरचे आकडे यायला लागले. मालकांनी परत ओढला, परत वर केला, मग सगळ्या शेडचा मेन. “माग धरायच्या आत येतंय की हे,” मालक म्हणाले आणि घड्याळाची वेळ बरोबर आहे का ते आपल्या मनगटाशी लावून बघितलं. वेळ बरोबर होती.

शेवटचं कॉन्फिगरेशन सेव्हडेफकॉन्फिगनं साठवलं. त्यात फक्त मूळ ठरावीक मूल्यांपेक्षा वेगळ्या असलेल्या ओळी राहतात, त्यामुळे हजारो ओळींची फाइल वाचता येईल एवढी होते. तिच्या दर गटावर भाच्यानं मराठीत टिपण लिहिलंय: हा पर्याय कशासाठी, साखळीत याच्या खाली कोण, वर कोण. अशी टिपणं कर्नलला नको असतात, म्हणून ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, आणि कर्नल बदलला की आधी ती वाचतो, मग नव्या पर्यायांना मूळ मूल्यं देणारं ओल्डडेफकॉन्फिग चालवतो आणि नव्या-जुन्यातला फरक डिफकॉन्फिगनं बघतो.

मालकांना आता वार्पिंग (ताणा तयार करायच्या) खात्यातही पेटी हवी आहे. त्यासाठी मिळालेला बोर्ड १.२ए आवृत्तीचा. त्याचा एक नेटवर्क पोर्ट १०० एमबीपीएसचा आणि वेगळ्या तऱ्हेनं जोडलेला, म्हणून डिव्हाइस ट्री वेगळी. भाच्यानं दोन्ही फाइली शेजारी उघडून फरकाच्या ओळींवर खुणा केल्यात, मेनू अजून उघडलेला नाही.